आमच्या लाइनीतल्या झडतीवाल्या

"झडती घ्यायची, अंगठा द्यायचा, कागदात काय लिवलंय ते विचारायचं न्हाय." आमच्या पोलीस लाइनीतल्या बायकांना घालून दिलेला हा कायदा. कुणी घातला? मी विचारलं की हवालदार असलेले माझे वडील, आबा, म्हणायचे, "तू तुझं बी.ए.चं बघ!"

हायवेवरचं ठाणं, गांजाची सतत ये-जा आणि बाई पोलीस एकही नाही. म्हणून बाई पकडली की झडतीला बोलावणं यायचं ते माझ्या आईला आणि शेजारच्या रझियाचाचीला. दोघींचे किस्से इतके साठलेत, की उमरग्याच्या कॉलेजात मैत्रिणी मला तासाला बसू देत नसत!

*

एस.टी.तून एक पोटुशी बाई उतरवली. फौजदार संकोचले, "जाऊ द्या, अवघडलेली आहे."

चाचीनं तिच्या पोटावर नुसता हात ठेवला. "साहब, मला पाच लेकरं झाली. एकबी चौकोनी नव्हतं!"

*

दुष्काळाचं साल. टँकर चार दिवस फिरकला नव्हता. एक बाई डोईवर घागर घेऊन, वर फडकं झाकून, नाक्यावरून ठसक्यात निघाली होती. शिपाई तिला वाट करून देत होते!

आई ओट्यावर भाजी निवडत होती. तिथूनच ओरडली, "अगं, कुठल्या हिरीला पाणी आलं? मला बी सांग की!"

बाई घागर टाकून पळाली. घागर फुटली, आणि पाण्याचा एक थेंब सांडला नाही.

*

मग ट्रेनिंग घेतलेले नवे फौजदार आले. म्हणाले, "झडती हे शास्त्र आहे. बायकांचं काम नव्हे." एका घरात त्यांनी दोन तास घालवले. कणग्या उपसल्या, छपरावरचे पत्रे काढले. काही नाही.

चाची पाणी प्यायला आत गेली आणि लगेच बाहेर आली. "साहब, घरात आठ माणसं, जेवणाची वेळ, आन् चूल थंडगार?"

माल राखेखाली होता. तेव्हापासून चाची ठाण्यात आली की साहेब स्वतः खुर्ची सरकवायचे!

*

कोर्टात वकिलानं आईला विचारलं, "शाळा किती?"

"दुसरी."

"मग झडतीतलं तुम्हाला काय कळतं?"

"झडती हातानं घेत्यात, साहेब. पाटी-पेन्सिल लागत न्हाय!"

मी मागच्या बाकावर होते. एवढा अभिमान मला माझ्या डिग्रीचाही वाटला नाही.

*

आई तापानं पडली होती तेव्हा बोलावणं मला आलं. सोसायटीच्या चेअरमनच्या जीपमध्ये गांजाचं पोतं सापडलं होतं. पाय दुखतात म्हणून जळकोटची कोंडाबाई त्याच जीपमध्ये मागं बसून दुष्काळी कामावरून घरी निघाली होती.

आतल्या खोलीत मी तिची झडती घेतली. अर्धी भाकरी, ठेचा, हजेरीची चिठ्ठी. ती सारखं एकच विचारत होती, "ताई, लेकरू अंगावर पितंय. सांजच्याला सोडतील न्हवं?"

बाहेर येते तर पंचनामा लिहून तयार! आबा, फौजदार आणि चेअरमन चहा पीत बसलेले. दुसरी पंच म्हणून चाची अंगठ्याला शाई लावून उभी.

"कर सही," आबा म्हणाले.

मी कागद उचलला आणि मोठ्यानं वाचला. 'पोते कोंडाबाईचे. तिच्या कमरेलाही गांजाची पुडी मिळाली.'

"वाचायचं न्हाय, सही करायची!" आबा ओरडले. "इतक्या वर्षांत तुझी आई कधी बोलली का?"

"आईला वाचता येत नाही, आबा. मला येतं. झडती मी घेतलीय. लिहा, अर्धी भाकरी, ठेचा, हजेरीची चिठ्ठी. त्याच्याखाली सही करते. याच्याखाली करणार नाही."

चेअरमननं फौजदारांकडं पाहिलं, फौजदारांनी आबांकडं, आबांनी जमिनीकडं.

चाचीनं शाईचा अंगठा पदराला पुसला.