तीन नंबरची रांग

बुधवारी दुपारी दुकानांच्या भावांची पत्रकं यायची. ऑरेस्ट हॅव्रिलक ती दारातून उचलायचा, स्वयंपाकघरातल्या टेबलावर पसरायचा आणि वाचण्याआधी डोळे मिटून त्यांच्यावरून तळहात फिरवायचा. एकतीस वर्षं त्याने थंडर बेच्या कागद गिरणीत, चार नंबरच्या मशीनवर, असाच कागद केला होता. गिरणी बंद झाली. बायको त्याआधीच विनिपेगला बहिणीकडे महिनाभरासाठी गेली होती, ती परत यायची राहिली. कागद मात्र दर बुधवारी न चुकता येत होता.

"हा आपला नाही," तो मला सांगायचा. "क्वेबेकचा आहे. खरखरीत. आपला कागद गालाला लावला तरी चालायचा."

"कागद कोण लावतं गालाला?"

"मशीनवर सगळेच लावायचे. सांगत कुणी नव्हतं."

मी समोरच्या घरात राहतो. ऑरेस्टने गाडी विकली, कारण विम्याचा भाव कुणीच जुळवून देत नाही. तेव्हापासून गुरुवारी सकाळी त्याला पोर्ट फूड्स या दुकानात मी नेतो. गावात वाणसामानाची मोठी दुकानं पाच, पाच टोकांना. गुरुवारी सगळ्यांचे नवे भाव सुरू होतात. पोर्ट फूड्सचा नियम असा, की दुसऱ्या दुकानाचं चालू आठवड्याचं छापील पत्रक दाखवलं तर ती वस्तू त्याच भावात मिळते. त्यामुळे ऑरेस्ट बुधवारची अख्खी दुपार लाल पेन्सिल घेऊन पाचही दुकानांतून हिंडायचा, खुर्चीवरून न उठता. बाहेर उणे तीस, खिडकीला आतून बर्फ, आणि टेबलावरच्या पत्रकात चिलीचे पीच पिकलेले. तो मधेच पेन्सिल थांबवायचा आणि कागदाकडे नुसता बघत राहायचा. मशीनवरून ओला कागद यायचा तो पांढऱ्या नदीसारखा, असं त्याने एकदा सांगितलं होतं. पाळी संपवून घरी निजलं तरी ती नदी छतावरून वाहत राहायची. आता ती टेबलाशी येऊन थांबली होती, आणि तिच्यावर कोंबडीचे भाव छापलेले होते.

पोर्ट फूड्समध्ये पैसे द्यायच्या सात रांगा. ऑरेस्ट तिसरीत उभा राहायचा, बाकीच्या सहा रिकाम्या असल्या तरी. तिसरीत रैया नुर्मेला बसायची. साठीची, केस आखूड, चष्मा साखळीला लटकवलेला.

"अरे, पाचवी मोकळी आहे," मी सुरुवातीला म्हणायचो.

"रैयाचा हात हलका आहे. अंडी फुटत नाहीत."

मी त्याला नेतोय त्या अकरा वर्षांत त्याने अंडी घेतल्याचं मी पाहिलं नव्हतं.

पत्रक मध्ये ठेवलं जायचं, दोन डोकी त्यावर झुकायची आणि पूजा सांगावी तसे ठरलेले शब्द यायचे.

"साडेचारशे ग्रॅम?"

"साडेचारशे."

"तारीख?"

"आजपासून येत्या बुधवारपर्यंत."

सगळी मिळून तीन मिनिटं. एकदाच रैयाने ठरल्याबाहेरचा प्रश्न विचारला होता. "तुमच्या घड्या इतक्या सरळ कशा हो येतात?" कागदाला दिशा असते, तिच्या कलाने घडी घातली की तो ऐकतो, असं ऑरेस्टने उत्तर दिलं. हे संभाषण त्याने मला पुढचे दोन महिने सांगितलं. त्यात दरवेळी काही नवं नसायचं.

मार्चमध्ये प्रत्येक रांगेपाशी सूचना लागली. एक एप्रिलपासून दुसऱ्या दुकानांचे भाव जुळवून मिळणार नाहीत.

"एक एप्रिल म्हणजे थट्टा असेल," मी म्हणालो.

ऑरेस्टने सूचना दोनदा वाचली. गाडीत बसल्यावर म्हणाला, "आठवड्याला चार डॉलरांचं नुकसान." खरी जाणार होती ती तीन मिनिटं, हे दोघांनाही कळत होतं, पण आमच्याकडे असल्या गोष्टी गाडीत बोलत नाहीत. फाटकाशी उतरताना मी म्हणालो, "पत्रक नसलं तरी तिच्या रांगेत जाऊन उभा राहा की."

"नुसता? आणि बोलू काय?"



शेवटच्या गुरुवारी सरोवरावरून धुकं चढलं. धान्याच्या कोठारांचे मनोरे अर्ध्यातच संपले होते. रस्त्यावरचे दिवे कशाला टांगले आहेत ते दिसत नव्हतं. ऑरेस्ट गुळगुळीत दाढी करून, गिरणीच्या निरोप समारंभाचा कोट घालून आला.

"कुणी गेलं का?"

"गुमान गाडी चालव."

त्याने एकच वस्तू घेतली, लोण्याचा एक पुडा. तिसऱ्या रांगेत आमच्या मागे एक बाई गच्च भरलेली ढकलगाडी घेऊन उभ्या होत्या. ऑरेस्टच्या काखेतलं पत्रक बघून त्यांनी उसासा टाकला. "आजसुद्धा? आज तरी सोडा हो तिला."

पत्रक मध्ये आलं. ऑरेस्टने बोट ठेवलं.

"साडेचारशे ग्रॅम?"

"साडेचारशे."

"तारीख?"

"आज... आजपासून."

रैयाने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "ऑरेस्ट, त्यांच्याकडे हे चार डॉलर एकोणसाठ आहे."

"हो."

"आमच्याकडे चार एकोणचाळीस आहे."

ऑरेस्टचे कान लाल झाले. पाच दुकानांचे भाव झोपेत सांगणारा माणूस वीस सेंट जास्त द्यायला आला होता.

"देऊ दे की!" मागच्या बाई म्हणाल्या. "पैसा त्याचा, घाई माझी!"

मला वाटलं, रैया हसेल. ती हसली नाही. "दाखवलेला भाव लावायचा, असा नियम आहे," ती म्हणाली. "शेवटचा आठवडा आहे. नियमाने करू."

पण बिलाचं मशीन ऐकेना. भाव कमी करायची त्यात सोय होती. वाढवून मागणारं गिऱ्हाईक ते बनवणाऱ्यांच्या डोक्यातच आलं नसावं. मॅनेजरची किल्ली लागणार होती. रैयाने घंटा वाजवली. मागच्या बाई त्यांच्या परमेश्वराला हाक मारून पाचव्या रांगेत गेल्या.

मॅनेजर गोदामात होता. काचेबाहेर गाड्या धुक्यात एकेक करून विरघळत होत्या. रैया पत्रकाच्या घडीवरून बोट फिरवत होती, कलाच्या दिशेने.

"पुढच्या गुरुवारी काय आणणार?" तिने विचारलं.

"आता आणायला काही नियम नाही."

"मी दोनला सुटते. बे स्ट्रीटच्या पॅनकेकवाल्याकडे बसते. एकटीच." तिने मशीनच्या कुठल्याशा बटणाकडे उगीचच पाहिलं. "तिथलं टेबल मोठं आहे. पाचही पत्रकं मावतील."

ऑरेस्टने लोण्याचा पुडा पत्रकाच्या कडेला लावून सरळ केला. मला त्याला कोपर मारावंसं वाटलं, पण तेवढ्यात मॅनेजर आला. "वाढवून? असं कोण मागतं?"

"गिऱ्हाईक," रैया म्हणाली.

किल्ली फिरली. चार एकोणसाठ. मी घड्याळ पाहिलं, नऊ मिनिटं झाली होती.

भाव वाचण्यात चूक झाली, असं ऑरेस्ट आजही सांगतो. तो पुडा त्याच्या फ्रीजरमध्ये अजून तसाच आहे. मी विचारलं तेव्हा म्हणाला, बिनमिठाचा आहे, मला खारं लागतं.

पुढच्या बुधवारी पत्रकं आली. त्याने तळहात फिरवला, घड्या घातल्या, लाल पेन्सिलला हात लावला नाही. गुरुवारी दीड वाजता मी गाडी बाहेर काढली. सरोवरावर पुन्हा धुकं होतं. पत्रकं काखेत धरून तो फाटकाशी उभा होता, अंगात तोच कोट.

"बसने जातोय," तो म्हणाला. "तू राहू दे."

"अरे, बसला तीन डॉलर पडतात."

"माहीत आहे," ऑरेस्ट म्हणाला, आणि कोपऱ्यावरच्या थांब्याकडे चालू लागला.