पुंजाजींच्या पाठीतलं पाणी

शिरपूर जैनच्या शिवारात पुंजाजी रोज सकाळी वांग्यातलं एखादं मलूल झाड उपटत, खोड तिरकं कापत आणि पेल्यातल्या पाण्यात धरत. पाण्यात दुधासारखी धार उतरली तर रोग जिवाणूंचा, नाहीतर दुसरा कसला तरी. तोवर औषधाला हात नाही. वरून सगळीच झाडं सारखी माना टाकतात, असं ते म्हणत.

त्यांचा मुलगा मुकेश हे त्यांच्याकडूनच शिकला. पण वांग्यापुरतंच.

अडुसष्टाव्या वर्षी पुंजाजींना घरात बकऱ्या दिसू लागल्या. त्यांची बायको गिरजाबाई त्या नसलेल्या बकऱ्या पदराने हाकलून देई. एक दिवस त्यांना स्वतःचं शेत ओळखू येत नसे, दुसऱ्या दिवशी भाजीचे भाव तोंडपाठ. गावाने म्हातारचळ ठरवला. मुकेशने मेडिकलमधून डोकं शांत करायची गोळी आणली. पुंजाजींची पावलं जमिनीला चिकटू लागली, बोटं वळेनात.

गिरजाबाईने हट्टाने त्यांना नागपूरला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, विसरण्याचे आजार वेगवेगळे असतात. पाठीतून सुईने थोडं पाणी काढून त्यातली प्रथिनं तपासली, तर हा अल्झायमर की दुसरा, ते बरंचसं कळेल. मला संशय दुसऱ्याचा आहे, आणि त्यात ही गोळी माणसाचं लाकूड करते. तोवर ती बंद ठेवा.

मुकेश मान डोलवून परतला आणि मदनसिंगच्या ओट्यावर जाऊन बसला. या दोस्ताला मोबाइलमुळे सगळ्या रोगांची माहिती होती.

"पाठीतलं पानी काढलं का मानूस लुळा पडते, भाऊ," मदनसिंग म्हणाला. "तिकडं मानोरा गावात झालं ना एकाचं." त्या एकाचं नाव त्याला सांगता आलं नाही. मुकेशनेही विचारलं नाही. एवढा विश्वास त्याने बापावर कधी टाकला नव्हता.

घरी गिरजाबाईने त्याला सरळ विचारलं, "वांग्याले पेला लावतं तू, अन् बापाले अंदाजानं गोळी देतं?"

"बाप काय वांगं हाय का, माय?"

ओट्यावर त्याने हे उत्तर पुन्हा सांगितलं. सगळे हसले. आपण जिंकलो असं त्याला वाटलं, आणि तपासणीची तारीख निघून गेली.

बकऱ्या वाढल्या, तसा मुकेशने स्वतःच्या अकलेने डोस दुप्पट केला. त्या संध्याकाळी त्याने पहिल्या गोळीमागोमाग दुसरी पुढे केली. पुंजाजींचा जबडा सावकाश हलला. तेव्हा ते जे बोलले, त्यानंतर पुन्हा कधी बोललेच नाहीत.

"थांब मुकेश, पयली तर गिळू दे मले."