सरड्याच्या केसमधला कबुलीजबाब

ती केस मी विसरलेलो नाही, आणि विसरू नये अशीच माझी इच्छा आहे. तीसेक वर्षं पोलीस खात्यात काढली, खून पाहिले, दरोडे पाहिले. पण मनाला लागून राहिलेली केस निवृत्तीनंतरची आहे, आयर्लंडमधल्या गॉलवे शहरातली. लोक म्हणतात, साहेब, सरड्याची कसली आलीय केस? हसू द्या त्यांना.

माझी लेक आणि जावई तिथे नोकरी करतात. मी तीन महिन्यांसाठी गेलो, त्याच आठवड्यात नातीचा अकरावा वाढदिवस होता. वर्षभर हट्ट करून तिने कॅमेलिऑन मिळवला. म्हणजे तो रंग बदलणारा सरडा, दोन डोळे दोन दिशांना फिरवणारा. घरमालकाची कुत्र्या-मांजराला परवानगी नव्हती, पिंजऱ्यातल्या प्राण्याला होती. तेवढ्यावर निर्णय झाला. प्राण्याला काय लागतं याची चौकशी त्यानंतर सुरू झाली, आणि तीही अर्धवट.

नात मात्र मनापासून करायची. हे जनावर वाटीतलं पाणी पीत नाही, म्हणून सकाळी पानांवर पाण्याचा फवारा. संध्याकाळी जिवंत किडे, कॅल्शियमच्या पावडरीत घोळवून. हात लावलेला त्याला खपत नाही, रंग काळवंडतो, म्हणून ही आपली स्टुलावर बसून नुसती बघायची. तिला मराठी सगळं समजतं, बोलते तिकडच्या हेल काढलेल्या इंग्रजीत. मी तिचं बोलणं इथे मराठीत लिहितो आहे.

दीड-दोन महिने गेले. एका सकाळी ती माझ्या खोलीत आली. "आजोबा, तो फांदीवरून पडला."

जाऊन पाहिलं. पुढच्या पायाची पकड गेली होती, पाय कोपरात वाकला होता. किडा समोर असून जीभ पोचत नव्हती. अशा प्राण्यांचा डॉक्टर गावात मिळेना. दोन तासांच्या अंतरावर एक बाई सापडल्या, त्यांची वेळ पाच दिवसांनंतरची. पाच दिवस हातावर हात धरून बसणं माझ्या स्वभावात नाही. मी तपास हाती घेतला.

आधी घटनास्थळाचा पंचनामा. पिंजरा, झाडं, पाणी, सगळं जागेवर. मग पावडरची डबी पाहिली. ती 'प्रेस'मध्ये असायची, तिकडे कपाटाला प्रेस म्हणतात. उघडली तर जवळजवळ भरलेली! रोज वापरलेली डबी इतकी भरलेली कशी? मी कान टवकारले.

नात शाळेतून आली, तिला जेवणाच्या टेबलाशी बसवलं. समोर वही, हातात पेन.

"पावडर रोज घालत होतीस?"

"हो."

मी गप्प बसलो. समोरच्याला शांतता सोसत नाही, हे आमचं जुनं हत्यार. मग तोच प्रश्न पुन्हा. मग डबी पुढे ठेवून पुन्हा. आवाज चढवला नाही, चढवायची गरज नसते. "खरं सांगितलंस तर कोणी रागावणार नाही," असंही म्हणालो. हे वाक्य मी नोकरीत किती वेळा वापरलं असेल!

अर्ध्या तासाने ती रडत म्हणाली, "मी विसरले. पुष्कळदा विसरले."

संध्याकाळी मी लेकीला आणि जावयाला छडा लागल्याचं सांगितलं. हो, अभिमानाने सांगितलं, लपवत नाही. लेक म्हणाली, "बाबा, अकरा वर्षांची आहे ती."

"म्हणून काय झालं? माझ्यासमोर कबूल केलंय तिने."

सरडा बरा झाला की दुसऱ्या कोणाला तरी देऊन टाकायचा, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी नातीने पिंजऱ्याजवळचं स्टूल उचलून जागेवर नेऊन ठेवलं. मला वाटलं, पश्चात्ताप झालाय.

डॉक्टरीण बाईंनी एक्स-रे काढला. हाडं मऊ पडली होती. पावडरचं ऐकून त्या म्हणाल्या, चिमूटभरच लागते, डबी वर्ष वर्ष पुरते. माझा एकमेव पुरावा तिथेच बाद झाला. मग त्यांनी दिव्याचं विचारलं. पिंजऱ्यावर एक खास दिवा असतो. त्याच्या किरणांशिवाय हे कॅल्शियम हाडांत जातच नाही.

जावई म्हणाला, "टायमर आहे. सकाळी सात ते संध्याकाळी सात."

"दिवसा घरी कोण असतं?" बाईंनी सहज विचारलं.

अहो, आयुष्य सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद, हा हाताला लागलेला नियम. सगळे कामाला गेले की मी घरभर गस्त घालायचो. रिकाम्या खोलीत, खिडकीतून लख्ख उजेड येत असताना, दिवे जळताहेत! भिंतीवरचं बटण रोज बंद करत होतो. नात शाळेतून यायच्या आधी पुन्हा लावायचो, कारण उजळलेला पिंजरा तिला आवडायचा. खिडकीची काच ते किरण अडवते, हे मला कोण सांगणार? मी कोणाला विचारलंच नव्हतं. त्या पोरीला मी अर्धा तास प्रश्न विचारले होते, दिवसभर त्या सरड्यासोबत असणाऱ्या एकट्या माणसाला, म्हणजे स्वतःला, एकही नाही.

खरं सांगतो, गप्प राहावंसं वाटलं. कोणाला कळलं नसतं. पण नात खाली मान घालून बसली होती. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं, की दिवा मी बंद करत होतो.

सरडा वाचला. पाय वाकडा तो वाकडाच राहिला. तो नातीकडेच राहिला, हे सांगायला नकोच.

आता पुण्यात कोणी विचारतं, नातवाला सरडा हवाय, आणू का? मी म्हणतो, आधी त्याला तपासणारा डॉक्टर शोधा, मग सरडा. पैदास केंद्रातला आहे की जंगलातून पकडलेला, त्याचे कागद बघा, आणि आपल्या कायद्यात बसतो का तेही बघा. खेळायला, मांडीवर घ्यायला हवा असेल तर आणूच नका, तो बघण्याचा प्राणी आहे. चार-पाच वर्षं जिवंत किडे घरात ठेवायची तयारी आहे का? आणि दिवा कशासाठी आहे, हे घरातल्या प्रत्येक माणसाला सांगा. आलेल्या पाहुण्यालासुद्धा.

निघायच्या आदल्या दिवशी मी धीर केला. नात पिंजऱ्यावर फवारा मारत होती. मी म्हणालो, "बाळ, माझं चुकलं."

"इट्स ग्रँड, आजोबा," ती म्हणाली. तिकडे कशालाही ग्रँड म्हणतात.

"पण तू पावडर रोज घालत होतीस ना?"

"रोज."

"मग विसरले असं का म्हणालीस?"

तिने फवारा खाली ठेवला. "तुम्ही थांबतच नव्हता. मग मला वाटलं, खरंच विसरले असेन."

पोलिसांपुढचा कबुलीजबाब कोर्ट मानत नाही, याचा मला नोकरीभर संताप यायचा. त्यावरून सरकारी वकिलांशी भांडलोय मी. माझ्या टेबलासमोर बसून किती माणसं शेवटी "हो साहेब" म्हणाली, आणि मी समाधानाने वही मिटली. त्यांतल्या किती जणांना तसं नुसतं वाटलं होतं, हे आता विचारायला मी कोणाकडे जाऊ?