चेअरमन उभे राहायचे

चेअरमन रागावले की आधी उभे राहायचे. केंदूरच्या आमच्या दूध सोसायटीत त्यांनी बसून कुणाला झापल्याचं मला आठवत नाही. माझे ते सख्खे चुलते. खुर्ची कधीच गेली होती, पण घरात काकीनंही त्यांना ‘चेअरमन’च म्हणायचं, असा हुकूम होता.

पार्किन्सनने हात थरथरू लागला तेव्हा त्यांनी तो खिशात घातला. मग उठताना चक्कर यायला लागली. शिरूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांचं बीपी आधी झोपवून आणि मग उभं करून मोजलं. आडवे असताना वाढलेलं, उभं राहताच पार खाली. “या आजारात रक्तदाब सांभाळणाऱ्या नसाही दुबळ्या होतात,” बाई म्हणाल्या. “जुनी बीपीची गोळी बंद करा. उठायच्या आधी खाटेच्या काठावर जरा बसा, पाणी प्या.”

बाहेर येताच चेअरमन म्हणाले, “कालची पोरगी मला उठायला शिकविती! माझं बीपी काय सोसायटीचा मेंबर हाय, उभं ऱ्हायलो की फुटायला?” गोळी चालूच राहिली. बीपी हा त्यांच्या लेखी मोठ्या माणसाचा आजार होता.

तळेगाव ढमढेऱ्याच्या एका लग्नात भरपेट जेवण झालं आणि आशीर्वादाला त्यांचं नाव पुकारलं. काकी म्हणाली, “दमानं उठा. जेवल्यावर जास्तच चक्कर येती तुमाला.” तिचा हात झिडकारून ते ताडकन उठले आणि सावरायला धावलेल्या तिच्याच अंगावर कोसळले. तिचं मनगट मोडलं. आडवं पडल्यावर त्यांना शुद्ध आली. पहिलं वाक्य होतं, “हिनंच पाय आडवा घातला.” त्या दिवशी हा माणूस माझ्या मनातून उतरला तो उतरलाच.

काकी दौंडला लेकीकडे गेली. महिन्याभराने मीच त्यांना तिकडे नेलं. माफीचा शब्द नाही, अंगणात उभ्यानंच म्हणाले, “चल, घरी सैपाकाला कुणी न्हाई.” काकी दारातून म्हणाली, “मी येत न्हाई.” दुसऱ्या क्षणी चेअरमन भुईवर होते.

काकीनं धावत येऊन त्यांचे पाय मांडीवर उचलून घेतले.

“लोकं बघत्यात. सोड पाय.”

“बघू द्या. आदी डोक्यात रगत येऊ द्या.”

त्यांनी पाय तिच्या मांडीवरच राहू दिले. संध्याकाळी काकीशिवायच माझ्याबरोबर परतले.

पुढच्या वर्षी चेअरमन गेले. दहावं उरकलं, मग शोकसभेत त्यांच्या ताठ कण्यावर भाषणं झाली. काकी सभेला आली नाही. दौंडला ती दुपारची निवांत झोपली होती.