बाळाच्या सीटखालची गोधडी

मुलगी काही महिन्यांची असताना आम्ही शेवगावहून नगरला निघालो होतो. आदल्या संध्याकाळी नवऱ्याने कारमध्ये मागे बाळाची सीट बसवली होती, बाळाचं तोंड मागच्या काचेकडे येईल अशी. निघताना मी ती हलवून पाहिली, तर सैल!

"तू पट्टा नीट ओढलाच नाहीस," मी म्हणाले.

"गुडघा रोवून ओढलाय. कुणीतरी हात लावलाय."

मला दिराचा संशय आला. मध्ये तोच गाडी घेऊन गेला होता. तो शपथा घ्यायला लागला, तरी मला खरं वाटेना. शेवटी पट्टा सोडून मी सीट उचलली. खाली घडी घातलेली गोधडी होती.

"म्या घातली," सासूबाई म्हणाल्या. "रस्त्याला लई खड्डे हायेत. लेकराला हादरे बसत्याल."

"आई, गोधडीमुळेच सीट सैल झालीय. ब्रेक लागला तर सरकेल."

त्यांनी गोधडी काढून घेतली. "आन् तोंड मागं कशापायी?"

"मान कोवळी असते. धक्का बसला तर मानेला पाठीमागून आधार मिळतो."

नवऱ्याने सीट पुन्हा घट्ट बसवली. सासूबाई शेजारी बसल्या आणि नगर येईपर्यंत त्यांनी सीटची कड हातातून सोडली नाही.