शेळीच्या अंगावरची रेघ

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. भाजीवालीचं बोट काट्याला लागलंय का ते मी बघते, सिलिंडर आला की त्याचं सील चष्मा लावून तपासते, आणि वर्गात एखादी चित्रवही फारच देखणी दिसली की ती कुणाच्या मोठ्या बहिणीने रंगवली असेल याचा अंदाज बांधत बसते. बहुतेक वेळा अंदाज बरोबर निघतो. घरचे म्हणतात, तू पोलिसात जायला हवं होतंस. मी गेले शिक्षकी पेशात, आणि तिथेही तपास करायला पुष्कळ वाव मिळाला.

मी राहते पेणला आणि शिकवते रोह्याच्या एका शाळेत, चित्रकला आणि कार्यानुभव. सकाळच्या गाडीने जायचं, कासू, नागोठणं करत रोह्याला उतरायचं, दुपारी तसंच परत. पेणला घरोघरी गणपतींचे कारखाने. आमच्या आळीत तर सकाळी दार उघडलं की समोरच्या पडवीत फळीवर डोकी नसलेले वीस-पंचवीस गणपती वाळत असतात. त्यामुळे वर्गात मातीकाम घ्यायचं ठरवलं तेव्हा मी पहिला नियम केला, तो म्हणजे गणपती करायचा नाही. मुलांना वाटलं बाईंना देवाचं वावडं आहे. खरं कारण वेगळं होतं. कुणाचा मामा, कुणाची आत्या पेणच्या कारखान्यात कामाला असणारच, आणि सोमवारी निम्मा वर्ग तिथला गणपती घेऊन येऊन 'मी केला' म्हणून सांगणार, अशी माझी खात्री होती.

म्हणून विषय दिला, घरातलं किंवा अंगणातलं काहीही. माती शाळेमागच्या शेतातली, काळी. ती मुलांनीच आणली, वाळवली, कुटली, चाळली, भिजत घातली. आठवडाभर ओल्या गोणपाटाखाली ठेवली आणि मग मळायला घेतली. मळताना खडा लागला की पोरं एकमेकांवर ढकलत. चाळायला कुणाची पाळी होती यावर रोज भांडण. तरी वर्गाला मजा येत होती आणि मलाही, फक्त मी ते दाखवत नव्हते. तालुक्याच्या प्रदर्शनाला आमच्या शाळेतून एकच वस्तू जाणार होती, त्यामुळे कोण काय करतंय याच्यावर माझी बारीक नजर होती.

एक चूक माझ्याकडून झाली. तास अपुरे पडायला लागले, तेव्हा मी म्हटलं, राहिलेलं काम घरी पुरं करा.

सातवीत एक मुलगी होती, कुंडलिकेच्या पलीकडच्या वाडीवरची. वाडीवरची मुलं अधूनमधून गायब होतात, कुणाचे आईबाप वीटभट्टीवर जातात, कुणाचे मजुरीला. ही मात्र नेमाने यायची. वडील मिळेल त्या कामाला, आई पेणच्या एका कारखान्यात साच्यात माती भरायला. म्हणजे मी सकाळी पेणहून रोह्याला यायचे आणि तिची आई रोह्याहून पेणला जायची. वर्गात मुलगी तासभर नुसती माती मळायची. दोन तास झाले, तीन झाले, हिचा गोळा जसाच्या तसा. मी विचारलं, तर म्हणाली, ही माती ऐकत नाय. मला तो उद्धटपणा वाटला.

मग एका सोमवारी तिने जुन्या लुगड्याच्या तुकड्यातून एक शेळी आणली. वीतभर लांबीची, पुढचे गुडघे टेकलेले, मागचे पाय सरळ केलेले, अशी उठता उठता थांबलेली. शेळी अशीच उठते, आधी मागून. मानेखाली दोन लोलक, पोट एका बाजूला जरा जड. बघताक्षणी माझ्या मनात आलं, किती सुंदर आहे. आणि त्याच क्षणी शंकेची पाल चुकचुकली.

मी ती हातात घेऊन उलटी केली. माती आमची काळी नव्हती, राखाडी पांढरी होती, म्हणजे शाडू. शेळी आतून पोकळ होती आणि आतल्या बाजूला अंगठे दाबल्याच्या खुणा ओळीने उमटल्या होत्या. साच्यात माती भरताना बायका आतून अशीच अंगठ्याने दाबतात, हे पेणच्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं. आणि शेवटचा पुरावा म्हणजे मानेपासून दोन्ही कुशींवरून शेपटीपर्यंत गेलेली एक बारीक, वर उठलेली रेघ. साच्याचे दोन भाग जिथे जुळतात तिथे माती फटीत शिरते आणि अंगावर अशी जोडाची रेघ उठते. कारखान्यात ती नंतर खरवडून काढतात. हिने घाईत तीही काढली नव्हती, असं मी धरून चालले.

दिवाळीत किल्ल्यावर ठेवायची मातीची चित्रं साच्यातली असतात. गवळण असते, मावळा असतो, वाघ असतो, तशी शेळीही असणार. आईने कारखान्यातून आणून दिली. माझ्या डोक्यात सगळं जुळलं, आणि मी वर्गासमोर विचारलं, साचा कुठला? ती म्हणाली, साचा नाय. मी शेळी वर धरून सगळ्यांना ती रेघ दाखवली. मुलं हसली. आमच्याकडच्या मुलांना रेघेचा अर्थ सांगावा लागत नाही. मी म्हटलं, शनिवारपर्यंत खरं सांगितलंस तर ठीक, नाहीतर प्रदर्शनातून तुझं नाव कायमचं बाद आणि मुख्याध्यापकांना सांगेन. ती रडेल अशी माझी अपेक्षा होती. ती रडली नाही.

तिने एवढंच विचारलं, "मग शेळी परत देवाल?"

मी शेळी कपाटात ठेवून कुलूप लावलं. पुरावा असा कुणाच्या हातात देत नाहीत.

शनिवारपर्यंत ती काही बोलली नाही. मी रोज तिच्याकडे बघत होते आणि ती रोज मातीचा गोळा मळत होती. तिच्या गप्प राहण्याचाही मी माझ्या सोयीचा अर्थ लावला. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर शेळी रुमालात गुंडाळून पर्समध्ये घातली आणि पेणला उतरल्यावर घरी न जाता थेट त्या कारखान्यात गेले. मालक माझ्या ओळखीचे, आमचा घरचा गणपती वर्षानुवर्षं त्यांच्याकडूनच येतो. पुढच्या वर्षाचं काम सुरू झालं होतं. जमिनीवर पोती टाकून सात-आठ बायका साचे भरत बसल्या होत्या.

मी मालकांना बाजूला घेऊन वर्गातल्या मुलीच्या शेळीचं सांगितलं आणि विचारलं, तुमच्याकडे शेळीचा साचा आहे का, आणि असल्यास तो जागेवर आहे का? मला फक्त खात्री करायची होती. पण मालकांनी माझं बोलणं पुरतं ऐकलंच नाही. नवे साचे बाहेर जातात आणि दुसऱ्याच्या कारखान्यात तसाच माल निघतो, ही त्यांची जुनी ठसठस. त्यांचा चेहरा बदलला. मला मुलीच्या आईचं नाव विचारलं, मीही सांगितलं, आणि त्यांनी तिला तिथूनच हाक मारली. ती उठली, तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत मातीने भरलेले होते. मालकांनी तिला पिशवी आणायला सांगितली आणि सगळ्या बायकांसमोर ती उपडी केली.

डबा निघाला, कंगवा, रेल्वेचा पास. आणि प्लॅस्टिकमध्ये बांधलेला ओल्या शाडूचा एक गोळा.

मला काय वाटलं ते खरं सांगते. मला आनंद झाला. माझा अंदाज पुन्हा एकदा बरोबर निघाला होता.

ती बाई गोळ्याकडे बघत म्हणाली, "खरवड हाय ती, शेट. पोरीने मागितली म्हणून नेते. तुम्ही फेकूनच देता ना?"

साच्यातून काढलेल्या मूर्तीची जोडाची रेघ खरवडली की जो चुरा पडतो, तोच ती दिवसभर गोळा करायची आणि पाणी लावून त्याचा गोळा करायची. खरवड नेऊ नये असं मालकांनी कधी म्हटलं नव्हतं. जरा ओशाळूनच त्यांनी माझ्याकडे शेळी मागितली. मी रुमाल सोडला.

त्यांनी ती डोळ्यांजवळ नेली, फिरवली, आणि हसायलाच लागले. म्हणाले, बाई, ही साच्यातनं कशी निघंल? हे पुढचे दुमडलेले पाय बघा. साचा उघडला की पाय आतच राहतील आणि शेळी बाहेर येईल. शिवाय शेळीचा साचा करून विकायची कुणाला? मी तरीही सोडलं नाही. ते मुलीच्या आईला सांभाळून घेताहेत, असंही माझ्या मनात येऊन गेलं. मी म्हटलं, मग ही रेघ कसली?

त्यांनी कुशीवरच्या रेघेखाली नख घातलं. रेघ दोऱ्यासारखी अलगद सुटली, बोटभर लांबीची, आणि खालचं अंग गुळगुळीत. साच्याची रेघ अंगातूनच उठते, ती अशी सुटत नाही. ही बारीक वळून वरून चिकटवलेली होती. मुलीने शेळी हाताने केली होती आणि मग साच्याची रेघ मुद्दाम वेगळी करून तिला लावली होती.

तोंडात मारल्यासारखं झालं. मी त्या बाईकडे बघून काहीतरी पुटपुटले, माफ करा की काय, मलाच नीट ऐकू आलं नाही. रेघ कशासाठी लावली ते तिलाही ठाऊक नव्हतं. तिलाच इचारा, असं म्हणून ती जागेवर जाऊन बसली आणि साचा भरायला लागली. पिशवी तशीच जमिनीवर पडली होती. डबा मी उचलून आत ठेवला. बाकीच्या बायका माझ्याकडे बघत नव्हत्या, आणि ते जास्त लागलं.

सोमवारी मुलीला बाजूला घेऊन विचारलं. तिला प्रश्नच कळेना. आईने घरी आणलेली फुटकी डोकी, मोडके हात, सगळ्यांवर ती रेघ तिने लहानपणापासून बघितलेली. तिच्या लेखी मातीची वस्तू पोकळ ठेवायची, आतून अंगठा दाबायचा आणि मग बाहेरून रेघ यायला हवी. रेघ आली म्हणजे दोन्ही बाजू एकमेकींना घट्ट धरल्या. तिची रेघ येत नव्हती म्हणून तिने केली.

"रेघ नसंल तर मधून फुटत नाय?" तिनेच मला विचारलं.

मी त्या दिवशी वर्गासमोर उभी राहिले आणि सांगितलं की शेळी हिनेच केली आहे, माझी चूक झाली. चूक झाली हे शब्द मी शाळेत फारसे वापरलेले नाहीत. प्रदर्शनाला तिचीच शेळी जाणार, हेही सांगितलं. मग मला परीक्षकांचा संशय यायला लागला. तेही उलटी करून बघतील, त्यांनाही रेघ दिसेल. मी तिला म्हटलं, उरलेली रेघ काढून टाक. तिने बोट ओलं करून ती पुसली आणि हात लावून बघितलं की शेळी मधून उघडत तर नाही ना. शेळी प्रदर्शनाला गेली आणि तिला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं. परीक्षकांनी ती उलटी केली की नाही ते मला माहीत नाही, मी तिथे उभं राहायचं टाळलं.

मला वाटलं, प्रकरण मिटलं. निदान माझ्यापुरतं.

पुढच्या मातीकामाच्या तासाला तिने आपला माती मळायचा पाट उचलला आणि माझ्या टेबलापाशी, अगदी समोर आणून ठेवला. मी म्हटलं, जागेवर बस, तिथे उजेड चांगला आहे. ती म्हणाली, इथंच बरं. शाडूचं काय झालं, म्हणून विचारलं. आई आता खरवड आणत नाही, असं तिने सांगितलं. कुणी मनाई केली नव्हती, पण आईने आपणहून बंद केलं होतं. घरी माती नाही, म्हणून घरी काही करायचंही नाही. मी पेणहून शाडू आणून देते म्हटलं. ती नको म्हणाली. वर्गातलीच माती घेईन, सगळे घेतात ती.

तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती अगदी साधेपणाने बोलत होती, पाऊस आला तर छत्री घ्यावी इतक्या साधेपणाने. तिने गोळा मळला, खडे काढले, आणि हात पाटावर ठेवून थांबली. मी हजेरी भरत होते. बराच वेळ झाला तरी ती सुरू करेना, तेव्हा मी विचारलं, काय झालं?

"बाई, बघा ना. मग करते."

ते वर्षभर तसंच चाललं. मी मान वर करून तिच्या हातांकडे बघितल्याशिवाय ती कामाला लागत नसे.