गोबऱ्याची भावकी

हळर्णचा कृष्णनाथ बसचा कंडक्टर होता तेव्हा तिकीट फाडताना उतारूचं गाव, आडनाव, आजोळ सगळं विचारून घ्यायचा. बस खोळंबली तर खोळंबली! निवृत्त झाला, पण खोड काही गेली नाही.

त्याची बायको विनोदिनी लेकीच्या बाळंतपणाला लिस्बनला गेलेली. एका सकाळी तिचा रडवेला फोन आला. लेक सेजल तान्ही असताना तापाने फणफणली होती, तेव्हा विनोदिनीने देवीपुढे आपला जीव की प्राण असलेला गोबरा मासा खायचा सोडला होता. आता दिवस भरलेल्या त्याच सेजलने गोबऱ्याचं हुमण, नारळाच्या रसातलं कालवण, करून हट्ट धरला होता, "हा तो नव्हेच. समुद्र वेगळा, जात वेगळी. आई, तू खाल्ल्याशिवाय मी जेवणार नाही."

"फोटो धाड," कृष्णनाथ म्हणाला. तेच जाड ओठ, तेच रुसलेलं तोंड. ठिपके तेवढे निराळे. सेजलने समजावलं, कधीकाळी समुद्र एकच होता. मध्ये जमीन वर आली आणि दोन्हीकडचे गोबरे लाखो वर्षं वेगवेगळे वाढले.

"म्हणजे भावकीच," कृष्णनाथ खुलला. "पण सात पिढ्यांपलीकडे सुतक कोण पाळता गे?"

"सुतक तुटला तरी कुळदेव एकच मा?" विनोदिनी म्हणाली. "तुमी देवीक इचारा."

कृष्णनाथ देवळात कौल घ्यायला गेला. गुरवाने देवीला दोन ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर खायचं, डावी पडली तर नाही. कृष्णनाथ बसून राहिला. दोन्ही पाकळ्या जागच्या हलेनात. देवीलाही हे नातं उलगडेना की काय! इतक्यात फोन वाजला. लेक अजून उपाशीच होती.

"उजवी पडली," तो म्हणाला. गुरवाने डोळे वटारले.

संध्याकाळी विनोदिनी फोनवर हसत होती. "पोरगी जेवली, मीव जेवलंय. पण चव तीच हां!"

कृष्णनाथने फोन ठेवला. चव तीच, म्हणजे मासाही तोच. तो तसाच देवळात गेला. बाजाराच्या दिवशी पेडण्याच्या खाणावळीत तो चोरून गोबरा खायचा, हे देवीला ठाऊक असणारच.

"आई, तिचो नवस मोडूक नाय," तो म्हणाला. "तो माझ्या नावार घाल. आजपासून गोबरो मी सोडलंय."

नात सुखरूप झाली. पुढच्या बाजाराला खाणावळवाल्याने ताजा गोबरा वर धरून दाखवला. कृष्णनाथने चष्मा लावून त्याचे ठिपके निरखले, कुठल्या समुद्रातला ते विचारून घेतलं आणि सोलकढीभात मागवला.